छोट्या पक्षाचा हिशेब

१९३०च्या दशकात सांगलीत एका तरुणाने शिवणकामाचं दुकान टाकलं होतं. वडील पोस्टात नोकरीला होते. ते निवृत्त झाल्यावर कुटुंब रत्नागिरीहून सांगलीला आलं. मुलगा मॅट्रिक झालेला नव्हता, म्हणून शिवणकाम शिकला. दुकान बरं चालायचं की नाही यापेक्षा तो संध्याकाळी कुठे जायचा हे पुढच्या इतिहासाला जास्त महत्त्वाचं ठरलं. रत्नागिरीत असताना त्याने सावरकरांना जवळून पाहिलं होतं. सांगलीत तो संघाच्या कामाला लागला, मग पुण्याला गेला आणि हिंदुमहासभेचा पूर्णवेळ कार्यकर्ता झाला. नाव नथुराम विनायक गोडसे.

नथुरामवर भरपूर लिहून झालंय. नाटकं झाली, सिनेमे झाले, तुमच्या फोनवरही वर्षातून दोनदा त्याचा फोटो येत असेल, एकदा शिव्यांसकट आणि एकदा हारासकट. मला त्याच्याबद्दल लिहायचं नाही. मला त्याच्या पक्षाबद्दल लिहायचंय. कारण आमच्या सातारा-सांगली भागात त्या पक्षाची ताकद जवळपास शून्य होती, आणि तरीही त्या पक्षाच्या एका माणसाच्या कृत्यामुळे या दोन जिल्ह्यांतल्या गावांचा चेहरा कायमचा बदलला. हा हिशेब नेमका कोणाच्या नावावर मांडला गेला आणि कोणी फेडला, एवढंच मला पाहायचंय.

हिंदुमहासभा तशी जुनी. १९१५ साली हरिद्वारला तिची सुरुवात झाली. या पक्षाचा साताऱ्याशी एक धागा फार लवकर जोडला गेला, तो न. चिं. केळकरांमुळे. तात्यासाहेब मिरजेत शिकले, साताऱ्यात वकिली करत होते, तिथून टिळकांनी त्यांना ‘केसरी’त बोलावून घेतलं. हेच केळकर १९२५ साली कानपूरला महासभेचे अध्यक्ष होते. टिळक गेल्यावर गांधींच्या काँग्रेसमध्ये ज्यांचा जीव रमेना, त्या पुण्या-साताऱ्याकडच्या बऱ्याच शिकलेल्या मंडळींना महासभा जवळची वाटू लागली. १९३७ साली सावरकरांवरची स्थानबद्धता उठली, ते पक्षाचे अध्यक्ष झाले आणि महासभेला एक धार आली. १९३८-३९ साली निजामाच्या राज्यात महासभेने निःशस्त्र प्रतिकाराची मोहीम केली. नथुराम तिथे पहिल्या तुकडीत जाऊन तुरुंगात बसून आला.

पण सभेला गर्दी आणि मतपेटीत मतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आजच्या वाचकाला सांगायला नको. १९४५-४६च्या मध्यवर्ती कायदेमंडळाच्या निवडणुकीत महासभेला एकही जागा मिळाली नाही. आणि सातारा तर तिच्यासाठी मुळातच नापीक जमीन होती.

का? त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. जुना सातारा जिल्हा, म्हणजे आजचा सातारा आणि सांगलीचा मोठा भाग, हा सत्यशोधकांचा बालेकिल्ला होता. १९२०च्या आसपास इथे सत्यशोधक जलसे गावोगाव फिरत होते. त्या जलशांत भटजी, सावकार आणि कुलकर्णी ही तीन पात्रं हमखास असायची, आणि बऱ्याच गावांत ही तिन्ही पात्रं प्रत्यक्षातही एकाच वाड्यात राहत होती. काही गावांत कुळांनी ब्राह्मण जमीनदारांच्या जमिनी कसायला नकार दिला होता. १९१९ साली कऱ्हाडजवळ काल्याला भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, तीही याच वातावरणात. काँग्रेससुद्धा इथल्या शेतकऱ्याला शेटजी-भटजींची वाटायची. १९३०च्या सुमाराला केशवराव जेधे ब्राह्मणेतरांना घेऊन काँग्रेसकडे वळले, त्याच साली शिराळ्याच्या बाजूला बिळाशीत जंगल सत्याग्रह पेटला, तेव्हा कुठे काँग्रेस गावात शिरली. जिथे काँग्रेसला एवढा वेळ लागला, तिथे महासभेला कोण विचारणार?

त्यात आलं १९४२. सप्टेंबरच्या पहिल्या दहा दिवसांत तासगाव, वडूज आणि इस्लामपूरला मोर्चे निघाले. ९ सप्टेंबरला वडूजला आणि दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला गोळीबार झाला, माणसं मेली. पुढच्या वर्षी जुलैत वसंतदादा सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. मग नाना पाटलांचं प्रतिसरकार. येडे मच्छिंद्रचे नाना, कुंडलचे जी. डी. बापू, वाळव्याचे नागनाथअण्णा, वाईकडचे किसन वीर. ही नावं इथल्या पोरांना शाळेत शिकवावी लागत नाहीत. चौकाचौकात पुतळे आहेत.

आणि त्याच वेळी महासभेची भूमिका काय होती? सावरकरांनी आपल्या लोकांना सांगितलं होतं की आपापल्या जागा सोडू नका. नगरपालिकेत असाल, कायदेमंडळात असाल, सरकारी नोकरीत असाल, तिथेच राहा. आणि हिंदू तरुणांनी सैन्यात भरती व्हावं. सिंधमध्ये महासभेचे लोक मुस्लिम लीगबरोबर मंत्रिमंडळातही बसले. यामागे त्यांचा काही विचार होता, तो तुम्हाला पटो किंवा न पटो. पण ज्या जिल्ह्यात पोरं भूमिगत होऊन उसाच्या फडात झोपत होती, तिथे हा सल्ला कसा ऐकू गेला असेल याची कल्पना करा. साताऱ्यात या पक्षाला पाय ठेवायला जी काही थोडी जागा होती, तीही बेचाळीसने संपवली. उरले ते सांगली-मिरजेतले, साताऱ्या-कऱ्हाडातले काही वकील, मास्तर, दुकानदार आणि त्यांची मुलं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी, कारण फेब्रुवारी १९४८मध्ये ती सगळे विसरले. महासभेत बहुतेक ब्राह्मण होते, हे या भागापुरतं खरं. पण ब्राह्मण बहुतेक महासभेत होते, हे खरं नाही. ते काँग्रेसमध्ये होते, समाजवाद्यांत होते, कम्युनिस्टांत होते, आणि सगळ्यात जास्त कशातच नव्हते. सबंध भूमिगत चळवळीला दिशा देणाऱ्यांत अच्युतराव पटवर्धन होते. आणि ज्या कुंडलमधून प्रतिसरकार चाललं, ते कुंडल ब्रिटिश हद्दीत नव्हतंच. ते औंध संस्थानात होतं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी ब्राह्मण. गांधींच्या सल्ल्याने त्यांनी १९३९च्या सुमाराला आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी घटना केली आणि बेचाळीसच्या लोकांकडे सोयीस्कर डोळेझाक केली. ती डोळेझाक नसती, तर प्रतिसरकारचा इतिहास बराच आखूड झाला असता, असं मला वाटतं.

३० जानेवारी १९४८. शुक्रवार. संध्याकाळी पाच वाजून सतरा मिनिटांनी दिल्लीत गोळ्या झाडल्या गेल्या. गावात रेडिओ एखाद्याच घरी. एस.टी. अजून सुरू व्हायची होती, ती पहिल्यांदा धावली त्याच वर्षी १ जूनला. बातमी पुणे-मिरज मीटरगेजच्या गाडीने आली, खासगी सर्व्हिस मोटारींनी आली, बाजाराला गेलेल्या माणसांच्या तोंडून आली. आधी गांधीजी गेले एवढंच. मग मारणारा हिंदू आहे. मग मारणारा पुण्याचा आहे. मग आडनाव.

आडनाव आल्यावर सगळं बदललं. मुंबईत आणि पुण्यात दगडफेक, जाळपोळ सुरू झाली. मुंबईत सावरकरांचे धाकटे भाऊ डॉ. नारायणराव जमावाच्या दगडांनी जबर जखमी झाले आणि दुसऱ्या वर्षी गेले. पण शहरातला दंगा दोन दिवसांत आटोक्यात येतो. खेड्यात पोलीस कुठून येणार? सातारा जिल्हा, सांगली-मिरजेसारखी संस्थानं आणि कोल्हापूर, या पट्ट्यात फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात शेकडो घरं पेटली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळाला. किर्लोस्करवाडीचा कारखानाही सुटला नाही. पण खरी गोष्ट या नावांची नाही. ती आहे गावातल्या दोन-चार, पाच-सात ब्राह्मण घरांची. बहुतेक ठिकाणी माणसांना बाहेर काढून घरं पेटवली गेली. काही ठिकाणी माणसंही मारली गेली.

‘त्यांनी पेढे वाटले’ ही बातमी आगीच्या पुढे पुढे धावत होती. काही ठिकाणी ते खरंही होतं, असं त्या काळच्या आठवणी लिहिणारे सांगतात. पण एका शहरातल्या एका आळीत वाटलेल्या पेढ्यांसाठी चाळीस मैलांवरच्या गावातलं भिक्षुकाचं घर जाळलं जातं, तेव्हा कारण पेढे नसतात. कारण जुनं असतं. कुळाचा खंड, सावकाराचं व्याज, कुलकर्ण्याने लिहिलेली एखादी ओळ, पंगतीत वेगळं बसवल्याचा राग, पन्नास वर्षांचे जलसे. वाडा पेटला की त्यातली वहीखातीही पेटतात, हे कोणाला सांगावं लागत नाही. दिल्लीतल्या गोळ्यांनी त्या सगळ्याला एक दिवस मोकळीक दिली, आणि तीही गांधींच्या नावाने.

आमच्या भागात याला एकच शब्द आहे : ‘जाळपोळ’. अठ्ठेचाळीसची जाळपोळ. भाषेची गंमत बघा, या शब्दात कर्ता नाही. जाळपोळ ‘झाली’. पाऊस झाला, साथ आली, तशी. कोणी केली, हे वाक्यात कुठे बसतच नाही. आणि दुसऱ्या बाजूला ‘गांधीवध’. वध राक्षसाचा करतात, कंसाचा करतात. हा शब्द इतका रुळलाय की गांधींना मानणारी माणसंही तो सहज वापरतात. आमच्या गावात एका गृहस्थांनी मला एकाच वाक्यात दोन्ही वापरून दाखवले : ‘गांधीवधानंतर जाळपोळ झाली.’ तेरा अक्षरांत दोन गुन्हे, आणि गुन्हेगार एकही नाही.

आता जरा लांब जाऊ. बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे चिरंजीव अप्पासाहेब पंत स्वातंत्र्यानंतर परराष्ट्र खात्यात गेले. आफ्रिका, सिक्कीम, इंडोनेशिया असं करत पुढे ते काही काळ नॉर्वेत भारताचे राजदूत होते. औंधच्या यमाईच्या डोंगराखाली वाढलेला माणूस ऑस्लोला राहिला, तो देश त्याच्याच पिढीत एका छोट्या राष्ट्रवादी पक्षाचा हिशेब करून बसलेला होता.

त्या पक्षाचं नाव ‘नॅशनल सामलिंग’, म्हणजे साधारण ‘राष्ट्रीय एकजूट’. मे १९३३मध्ये विद्कुन क्विस्लिंग नावाच्या माजी संरक्षणमंत्र्याने तो काढला. राष्ट्र आधी, पक्षांची भांडणं नकोत, कम्युनिस्ट नकोत, ज्यू नकोत, जुन्या व्हायकिंग वैभवाची चिन्हं, गणवेश, सगळा जामानिमा. लोकांनी काय केलं? १९३३च्या निवडणुकीत दोन टक्क्यांच्या आसपास मतं दिली, १९३६ला त्याहून कमी. जागा एकही नाही. लोकशाहीत अशा पक्षांचं जे होतं तेच झालं : वर्तमानपत्रात चेष्टा, आणि आपसात भांडणं.

मग ९ एप्रिल १९४०ला हिटलरच्या फौजा नॉर्वेत उतरल्या. त्याच संध्याकाळी क्विस्लिंगने रेडिओवर जाऊन आपणच सरकार असल्याचं जाहीर केलं. पुढे १९४२मध्ये जर्मनांनी त्याला नावाचा पंतप्रधान केलं. दोन टक्क्यांच्या पक्षात आता नोकरीसाठी, भीतीपोटी, कधी खरोखरच्या श्रद्धेने लोक शिरले. सभासदसंख्या चाळीस हजारांच्या पुढे गेली. देश तीस लाखांचा.

१९४५ला जर्मनी हरलं. २४ ऑक्टोबरला क्विस्लिंगला ऑस्लोच्या किल्ल्यात गोळ्या घातल्या. त्याचं आडनाव जगातल्या अनेक भाषांत ‘फितूर’ या अर्थाचा शब्द होऊन बसलं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते नंतरचं. नॉर्वेने ठरवलं की आक्रमणानंतर या पक्षाचं सभासद असणं हाच गुन्हा. नव्वद हजारांच्या आसपास लोकांची चौकशी झाली. जवळपास निम्म्यांना काही ना काही शिक्षा झाली : कोणाला दंड, कोणाला काही वर्षं नागरी हक्क बंद, कोणाला तुरुंग, आणि अगदी थोड्यांना मृत्युदंड. प्रत्येकाची फाईल. फाईलवर नाव, आणि आत त्या माणसाने काय केलं याचा तपशील.

हे काही आदर्श नव्हतं. कायदा नंतर करून आधीच्या कृत्यांना लावला, अशी टीका तिथेही झाली. आणि रस्त्यावरचा न्याय तिथेही सुटला नाही. जर्मन सैनिकांशी संबंध ठेवणाऱ्या बायकांचे केस भररस्त्यात कापले, कित्येकींना कोंडून ठेवलं, त्यांच्या मुलांना आयुष्यभर टोमणे ऐकावे लागले. त्या बायकांची सरकारने माफी मागितली ती थेट २०१८ साली. म्हणजे बाईवर आणि लेकरांवर राग काढायची सोय सगळीकडे सारखीच.

महासभा म्हणजे नॅशनल सामलिंग नव्हे, हेही सांगून टाकतो. महासभेने परक्या फौजेच्या खांद्यावर बसून देश ताब्यात घेतला नव्हता. तिच्यात इंग्रजांच्या तुरुंगात वर्षानुवर्षं काढलेली माणसं होती. दोन्हींत साम्य एवढंच की दोघेही मतपेटीत हरलेले, दोघांनाही राष्ट्र म्हणजे काय याबद्दल आपल्याशिवाय कोणाला कळत नाही असं वाटायचं, आणि दोघांच्याही नावावर एक असं कृत्य चढलं की ज्याचा हिशेब देशाला करावाच लागणार होता. फरक आहे तो हिशेब करण्याच्या पद्धतीत. नॉर्वेने पक्षाची सभासद-यादी उघडली. आमच्याकडे कोणी यादी मागितलीच नाही. आडनाव पुरलं.

पक्षाचं काय झालं? लाल किल्ल्यात खटला चालला. सावरकर ५ फेब्रुवारी १९४८ला पकडले गेले आणि १० फेब्रुवारी १९४९ला पुराव्याअभावी सुटले. नथुराम आणि नारायण आपटे १५ नोव्हेंबर १९४९ला अंबाल्याला फासावर गेले, काहींना जन्मठेप झाली. आरोपींची कोर्टातली बाजू सांभाळणाऱ्यांत पुण्याचे ल. ब. भोपटकर प्रमुख होते. ते स्वतः महासभेचे मोठे पुढारी. बंदी संघावर आली, महासभेवर नाही. महासभेने स्वतःच काही काळ राजकारण थांबवलं. श्यामाप्रसाद मुखर्जी त्याच वर्षी बाहेर पडले आणि १९५१ला त्यांनी जनसंघ काढला. १९५२च्या पहिल्या लोकसभेत महासभेचे चार खासदार होते, जनसंघाचे तीन. म्हणजे खुनानंतर चार वर्षांनी हा पक्ष निवडणूक लढवत होता, जिंकतही होता. पक्ष हळूहळू विझला तो त्याचा मतदार दुसरीकडे गेला म्हणून. त्याला कोणी जाब विचारला म्हणून नाही.

यावरची कडी पुढे आहे. १९५६ला संयुक्त महाराष्ट्र समिती झाली. तिच्यात कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आणि हिंदुमहासभासुद्धा. १९५७ला उत्तर साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले क्रांतिसिंह नाना पाटील, कम्युनिस्ट म्हणून, समितीचे उमेदवार म्हणून. जाळपोळीला नऊ वर्षं झाली होती. प्रतिसरकारचा नायक आणि महासभा एकाच मांडवात! मला यात दोष काढायचा नाही, मुंबई मिळवायची तर सगळ्यांनी एकत्र येणं भाग होतं. पण राजकारणाने आपसात मिटवून घेतलं, हे तर दिसतं. ज्या घरांनी नुकसान सोसलं ती या मांडवात नव्हती. ती तोपर्यंत पुण्यात, डेक्कनच्या मागच्या चाळींत आणि सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत पोहोचली होती.

सगळीच आगीमुळे गेली असं मात्र नाही. शिकलेला मुलगा पुण्या-मुंबईला जाणं आधीच सुरू झालं होतं. १९४८चाच कूळकायदा, मग कुलकर्णी वतनं खालसा, आणि १ एप्रिल १९५७ला कसेल त्याची जमीन. हे झालं नसतं तर माझ्यासारखे आज लेख लिहीत बसले नसते, कुठेतरी खंडाने शेत कसत असते. जमिनीचं वाटप न्यायाचं होतं, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन. म्हणूनच जाळपोळ मला जास्त खुपते. जे कायद्याने मिळणारच होतं, आणि मिळालं, त्यावर राखेचा डाग कशाला? आज त्या वाड्यांचे नातू म्हणतात की आमच्या जमिनी आग लावून घेतल्या, आणि आमच्याकडचे म्हणतात की कायद्याने मिळाल्या. दोन्ही घटना एकाच दशकातल्या असल्यामुळे दोघेही खोटं बोलत नाहीत, आणि दोघांचंही अर्धं सुटतं.

यावर लिहिलं किती गेलं? व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ ही कादंबरी १९६४ची. पुण्याहून गावाकडे निघालेल्या तरुणांची. माडगूळकर माडगूळचे, आटपाडीजवळचे, म्हणजे औंध संस्थानातलेच. पुस्तक छोटं आहे, एका बैठकीत होतं. नसेल वाचलं तर हा लेख बंद करून तेच वाचा. त्यापलीकडे काही आठवणी, काही आत्मचरित्रांतली पानं. यशवंतराव चव्हाण त्या काळात मुंबई सरकारात गृहखात्याचे संसदीय चिटणीस होते, आणि माणूस कऱ्हाडचा. त्यांच्याइतकं या प्रकरणाबद्दल कोणाला माहीत असणार? पण त्यांचं ‘कृष्णाकाठ’ १९४६पाशी थांबतं. पुढचे खंड लिहायचे होते, लिहून झाले नाहीत. १९८४च्या नोव्हेंबरात ते गेले.

ही जी रिकामी जागा राहिली, ती आता फोन भरतोय. एका ग्रुपवर मेलेल्यांचा आकडा दर जानेवारीला वाढतो. कधी हजार, कधी आठ हजार, सोबत कुठल्या तरी दुसऱ्याच दंगलीचा फोटो. दुसऱ्या ग्रुपवर असं काही झालंच नाही, दोन-चार घरांच्या काचा फुटल्या, ब्राह्मणांचं रडगाणं. पहिल्या ग्रुपवाल्यांना त्या आगीतून नथुराम मोठा करायचा असतो. दुसऱ्यांना आपला आजा स्वच्छ ठेवायचा असतो. ज्यांची घरं जळली त्यांच्यातले कितीतरी गांधींची बातमी ऐकून रात्री जेवले नव्हते, आणि ज्यांनी वाड्यातल्या बायकापोरांना आपल्या गोठ्यात, कणग्यांमागे लपवलं तेही शेतकरीच होते. पण ही माणसं कुठल्याच ग्रुपच्या कामाची नाहीत.

माझ्या आजोबांचं तेव्हा वय चौदा. मी कॉलेजात असताना खोदून खोदून विचारलं. ते म्हणाले, ‘आम्ही बघायला गेलतो.’ बघायला म्हणजे? ‘समदं गावच गेलतं. बघायला.’ आजी मध्येच म्हणाली, ‘जोशीकाकू तुळशीपाशी हुबी हुती म्हनं, हालंना.’ आजी तेव्हा या गावात लग्न होऊन आलेलीही नव्हती. म्हणजे हे तिला कोणीतरी सांगितलेलं. आजोबांनी तिच्याकडे बघितलं आणि ते उठून बैलांकडे गेले.

आमच्या मळ्याला आजही ‘जोशाचा मळा’ म्हणतात. गावात जोशी एकही नाही. वाड्याच्या जागेवर दूध संकलन केंद्र आहे. जुन्या जोत्याचे तीन घडीव दगड कॅन ठेवायला वापरतात.

नॉर्वेत त्या खटल्यांच्या फाईली राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. नातवंडं जातात, आजोबांचं नाव सांगतात आणि वाचत बसतात. काहींना कळतं की आजोबा नुसते वर्गणी भरणारे सभासद होते, काहींना फार वाईट काही कळतं. आमच्याकडे असं दप्तर म्हणजे फक्त जमिनीचं. जुने फेरफार आता बऱ्याच ठिकाणी स्कॅन होऊन फोनवर मिळतात. मी आमच्या मळ्याचा काढला. मोडीतून बाळबोधीत आलेलं तलाठ्याचं वळण, शाई पसरलेली. कूळ म्हणून पणजोबांचं नाव, क्षेत्र, आकार, खरेदीची रक्कम हप्त्याने, मंडल अधिकाऱ्याची सही. मालकाचं नाव आधीच्या नोंदीतही तेच आहे, फक्त तिथे तो गावचाच राहणारा आहे. १९५७नंतरच्या नोंदीत त्याच नावापुढे लिहिलंय ‘रा. पुणे’. मधल्या वर्षांत तो तिकडे का गेला, यासाठी त्या तक्त्यात रकाना नाही.